गॅस भरण्याआधी बॉनेट उघडा

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा 42-43 वर गेला की गाडीचा एसी नेमका तेव्हाच दगा देतो. गॅरेजवाला न बघताच म्हणतो, "गॅस संपला, भरून घ्या." जरा थांबा. हा गॅस पेट्रोलसारखा जळत नसतो. बराच कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय.

आधी एवढं आठवा: हायवेला पळताना गार लागतं, पण रेल्वे फाटकावर थांबलं की गरम हवा येते? मग संशय कंडेन्सरच्या (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) पंख्यावर. एसी लावून बॉनेट उघडा, हात लांब ठेवा. पंखा फिरत नसेल तर आधी फ्यूज बघा, मग रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच), मग मोटर. फिरत असेल तर रेडिएटरच्या पुढचा कंडेन्सर बघा. आपल्याकडची धूळ, त्यात कापसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी चालवली असेल तर रुईचा थरच बसतो. इंजिन गार झाल्यावर साध्या नळीच्या पाण्यानं धुवा. प्रेशरच्या पाण्यानं बारीक पत्र्या वाकतात. (मी वाकवून बसलोय.)

हवेचा झोतच मंद असेल तर केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, बघा. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यामागं असतो.

पाइपच्या जोडाला तेलकट डाग दिसला तर मात्र गळती. नायट्रोजन भरून ती शोधायला लावा, दुरुस्त करा, व्हॅक्यूम ओढा (पंपानं आतली हवा-ओल काढा) आणि मगच गॅस; तोही बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमांइतका, वजन करून. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. जोड स्वतः मात्र सोडू नका, आत दाब असतो.