मनपा शाळेतील वाचनवर्ग : एप्रिल ते जूनची तयारी

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. वस्तीच्या वर्गणीतून महानगरपालिकेच्या शाळेत वाचनवर्ग चालवू पाहणाऱ्या मंडळाला हे जादाचे दिवस फार मोलाचे असतात. नागपुरातल्या आमच्या मंडळाने पहिल्या वर्षी ते वाया घालवले. आम्ही एप्रिलमध्ये पावतीपुस्तक छापले, मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधून घरोघर वर्गणी गोळा केली, जूनमध्ये गोष्टींची पुस्तके आणि एक लोखंडी कपाट घेतले, आणि शाळा उघडताच नारळ फोडून ते शाळेच्या स्वाधीन केले. दिवाळीनंतर सहज डोकावलो, तर कपाटाला कुलूप होते आणि आत पुस्तकांचा छापखान्याचा वास तसाच होता. यात शाळेची काही लबाडी नव्हती. पुस्तके जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ मालमत्तेच्या यादीत, चढली होती, आणि एखादे हरवले तर त्याची भरपाई कोणी करायची, या धास्तीने बाईंनी ती सुरक्षित ठेवली होती. तेव्हापासून आमची यादी वर्गणीपासून सुरू होत नाही. आधी शाळेशी बोलणे, मग मुलांचे वाचन पाहणे, मग माणसे आणि वार ठरवणे, आणि मग पैसा, असा क्रम आम्ही धरतो, आणि ही टिपणेही त्याच क्रमाने आहेत.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, परीक्षांच्या गडबडीत शिरण्यापूर्वी, मुख्याध्यापकांना भेटावे आणि पहिल्या भेटीत काही देऊ करू नये, फक्त विचारावे. शाळेचा पट किती, खोल्या किती रिकाम्या असतात, पोषण आहार किती वाजता वाटला जातो, शाळा सुटल्यावर दार कोण लावतो, हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण वर्गाची वेळ त्यांच्यावरच ठरते. पटाचे आकडे यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीच्या संकेतस्थळावर आधीच पाहून जावे, म्हणजे मुख्याध्यापकांचा वेळ वाचतो. त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीकडे जावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत किमान पाऊण सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात असे ठरवून दिले आहे. धुणीभांडी, बांधकाम किंवा भाजीची गाडी सांभाळून बैठकीला येणाऱ्या या आयांना वर्ग नेमका कशाचा, हे आपल्या तोंडून कळले तर पुढे गैरहजर मुलाला हात धरून त्याच आणतात. समितीचा ठराव, मनपा शिक्षण विभागाला दिलेल्या अर्जाची पोच आणि खोली वापरण्यास मुख्याध्यापकांची लेखी संमती, हे तीन कागद एका फायलीत ठेवावेत, कारण मुख्याध्यापकांची बदली झाली की तोंडी परवानगीही त्यांच्याबरोबर जाते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करून घ्यावी. त्याच शाळेतल्या शिक्षकांना मानधन देऊन शाळेनंतर शिकवायला बसवण्याची कल्पना कोणीतरी हमखास मांडतो. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २८ शिक्षकांना खाजगी शिकवणीस मनाई करते, त्यामुळे चांगल्या हेतूनेही त्या वाटेला जाऊ नये. शिक्षकांकडून आपल्याला हवी असते ती मुलांची ओळख, आणि ती ते आनंदाने देतात.

मुलांचे वाचन कसे पाहावे, यावर मात्र वेळ खर्च करावा. मुलांच्या वाचन-गणिताच्या ‘असर’ या पाहणीतून परिचित झालेली पद्धत साधी आहे: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, अशा पायऱ्या असलेला एक कागद घेऊन एकेका मुलाजवळ बसायचे आणि ते न अडखळता कोणत्या पायरीपर्यंत जाते ते लिहायचे. एका मुलाला पाच-सात मिनिटे लागतात. हे सतरंजीवर, मुलाच्या शेजारी बसून करावे, टेबलापलीकडून करू नये, आणि इतर मुले ऐकत असताना तर अजिबात करू नये. पाठ्यपुस्तकातला धडा वाचायला देऊ नये, याचे कारण आम्हाला पाचवीतल्या एका मुलाने शिकवले. त्याने कविता खणखणीत आवाजात, चालीवर म्हटली, पण त्याचे बोट दोन ओळी मागे होते. कविता त्याला मुखोद्गत होती. पान उलटून तळाचे स्वाध्यायाचे एक वाक्य दाखवले, तेव्हा तो ‘पूर्ण’मधल्या रफारापाशी थांबला, आणि तो रफार ‘प’वर घ्यायचा की ‘ण’वर, हे माझ्या चेहऱ्यावर शोधू लागला.

उलट फसगतही होते. एक मुलगी सगळे नीट वाचत ‘कोथिंबीर’ला अडली, आणि आमच्या एका स्वयंसेवकाने तिला शब्दाच्या पायरीवर टाकले. तिच्या घरी, म्हणजे नागपुरातल्या बहुतेक घरी, कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिने अक्षरे बरोबर लावली होती, पण जो शब्द तयार झाला तो तिच्या कानाच्या ओळखीचा नव्हता, म्हणून ती पुन्हा मागे गेली. आपल्या शहरात मराठी शाळेतल्या कितीतरी मुलांच्या घरात हिंदी किंवा छत्तीसगढी चालते. त्यामुळे अडखळणे डोळ्यांचे आहे की ओळखीचे, हे लिहिताना वेगळे करावे, आणि स्वयंसेवकांना मे महिन्यातच दोन तास बसवून एवढा फरक समजावून द्यावा. हिंदी आणि उर्दू माध्यमाच्या शाळांसाठी कागद वेगळा लागतो, हे सांगायला नको. उर्दूसाठी लिपी येणारा माणूस आधी मिळवावा, मगच त्या शाळेला शब्द द्यावा.

पाहणीनंतर गट इयत्तेप्रमाणे न करता पायरीप्रमाणे करावेत. यात एक नाजूक जागा आहे. सातवीतला मुलगा शब्दाच्या पायरीवर असेल तर त्याच्या हातात ‘इयत्ता पहिली’ छापलेले पुस्तक देणे म्हणजे त्याला दुसऱ्या दिवशी न येण्याचे निमित्त देणे. मोठ्या मुलांसाठी इयत्ता न छापलेल्या गोष्टी निवडाव्यात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मुक्त परवान्याखाली मिळतात, त्यांची छपाई करून जाड पुठ्ठ्यावर चिकटवता येते, आणि शहरातल्या बसच्या पाट्या, क्रिकेटच्या बातम्या, वीजबिलाचा कागद हेही उत्तम वाचनसाहित्य आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाचे लक्ष्य तिसरीपर्यंतच्या मुलांचे पायाभूत वाचन आणि गणित हे आहे. शाळेचा जोर साहजिकच लहान वर्गांवर राहतो, म्हणून वर्गणीचा पैसा आणि वस्तीची माणसे चौथी ते सातवीत मागे राहिलेल्यांवर लावावीत, असे माझे मत आहे.

आता माणसे. एका मोठ्या माणसामागे सहा मुले असा हिशेब धरला तर साठ मुलांना दहा जण हवेत, आणि दहा जण प्रत्यक्ष यायला यादीत पंधरा नावे लागतात. निवृत्त मंडळी वक्तशीर असतात, पण हिवाळ्यात मुलाकडे पुण्याला किंवा बंगळुरूला जातात. महाविद्यालयीन मुले उत्साही असतात, पण सत्र परीक्षेला गायब होतात. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करायचे असते, तेव्हा जवळच्या महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी मे अखेरीपूर्वी बोलून ठेवल्यास त्यांचे तास आणि आपला वर्ग जुळवता येतो. सगळ्यांत टिकाऊ गट निघाला तो दुपारी मोकळ्या असणाऱ्या गृहिणींचा, ज्यांना सुरुवातीला आम्ही फक्त चहापाण्यासाठी विचारले होते. ही आमची चूक लिहून ठेवलेली बरी. प्रत्येकाकडून ‘जमेल तसे येईन’ असे उत्तर न घेता ठरावीक वार आणि ठरावीक सहा मुलांची नावे कबूल करून घ्यावीत. त्याच मुलांकडे तीच ताई किंवा तोच दादा वर्षभर राहिला, तरच मूल आपली चूक लपवायचे थांबवते.

सुरक्षिततेचे नियम पहिल्या बैठकीतच, संकोच न बाळगता वाचून दाखवावेत. प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी शाळेत द्यावी. वर्ग उघड्या दाराच्या खोलीत घ्यावा. कोणीही एका मुलासोबत एकट्याने थांबू नये, त्याला गाडीवर घरी सोडू नये, परस्पर फोन करू नये. पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलाचा फोटो काढू नये, आणि देणगीदारांच्या गटात टाकण्यासाठी तर मुळीच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असताना ती न कळवणे हाही गुन्हा आहे, आणि १०९८ हा क्रमांक मुलांच्या मदतीसाठी आहे, हे प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ हवे.

वारांचे गणित भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून करावे. जुलै ते मार्चमध्ये आठवड्याला दोन वर्ग धरले तर दिवाळीची सुटी वगळून कागदावर सत्तरहून थोडे अधिक वर्ग दिसतात. पंचेचाळीस होतील असे समजून चालावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक आणि मुलांचा तान्हा पोळा असतो, त्या दिवशी लाकडी बैल ओढणाऱ्या पोरांना वाचायला बसवण्याचा प्रयत्न कोणी करू नये. मग गणपती आणि महालक्ष्म्या येतात, दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर येणारे पाहुणे कित्येक घरांत उतरलेले असतात, आणि संक्रांतीच्या आधीचे आठ दिवस अख्खे नागपूर गच्चीवर असते. या दिवसांत वर्ग बंद ठेवून ते आधीच जाहीर करणे, हे अर्ध्या हजेरीने वर्ग घेण्यापेक्षा चांगले. मार्च उजाडला की ऊन चढते, शाळेची वेळ सकाळची होते, आणि दुपारची खोली भट्टी होते. म्हणून शेवटची वाचनपाहणी फेब्रुवारीतच उरकावी. रमण विज्ञान केंद्र किंवा १८६३ पासूनचा आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, दाखवायचा असेल तर ती सहल डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ठेवावी.

आठवीच्या मुलांसाठी वाचनवर्गाहून वेगळी सोबत लागते. मनपाच्या अनेक शाळा आठवीच्या आतच संपतात, आणि पुढच्या शाळेत नाव घालताना जी मुले गळतात ती हुशारी कमी पडली म्हणून नव्हे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते. ज्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नाही अशा मुलांना ती उत्तीर्ण होऊन निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. आमच्याकडची एक मुलगी केवळ उत्पन्नाचा दाखला वेळेत न निघाल्याने अर्जापाशीच अडली. तिची आई रोजंदारीवर, आणि दाखल्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवणे तिला परवडले नाही. म्हणून मार्गदर्शक म्हणून नेमलेल्या माणसाकडून व्याख्यानाची अपेक्षा नाही. त्याने जुलैतच मुलाच्या पालकांबरोबर दाखले काढून देणाऱ्या सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहावे, बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे का ते पाहावे, आणि सगळीकडे नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून तपासावे.

पैशाचे बोलणे आता करता येते, आणि ते थोडक्यात होते, कारण रक्कम किती लागेल हे वरच्या गोष्टींनी ठरवलेले असते. गोष्टींच्या प्रती, सतरंज्या, वह्या, सहलीची बस, दाखल्यांचे शुल्क आणि हरवणाऱ्या पुस्तकांसाठी वेगळी तरतूद, एवढेच खर्च असतात. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले नसेल तर नोंदलेल्या संस्थेमार्फतच वर्गणी घ्यावी. ज्याला आपण इतकी वर्षे ‘८०जी’ म्हणत आलो त्या आयकर सवलतीत दोन हजारांवरची रोख देणगी बसत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे. परदेशी असलेली आपली मुले पैसे पाठवू म्हणतील. त्यांच्याकडे भारतीय पारपत्र असेल तर त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी ठरत नाही, परंतु अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या भाच्याची देणगी विदेशी ठरते, आणि ती घेण्यासाठी एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या नियमनाच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. दर तिमाहीचा हिशेब शाळेच्या फलकावर लावावा, म्हणजे वर्गणी मागायला गेल्यावर पायरीवर उभे राहून तोच तोच खुलासा करावा लागत नाही.

शाळा उघडण्याच्या आठवड्यात करण्यासारखी कामे थोडीच उरतात. मुलांच्या पायऱ्यांची वही, गटांची यादी, सतरंज्या आणि पिण्याच्या पाण्याची कॅन आदल्या संध्याकाळी खोलीत पोचवावी. पुस्तके शाळेला भेट म्हणून न देता मंडळाची ठेवावीत, आणि हरवलेल्या-फाटलेल्यांचा भुर्दंड मंडळ सोसेल असे पत्र मुख्याध्यापकांना द्यावे, म्हणजे नोंदवहीची धास्ती राहत नाही. कपाटाच्या दोन किल्ल्या असतात. एक शिपाईदादांकडे ठेवावी, आणि दुसरी लाल दोरीत ओवून सहावीतल्या कोणा मुलीच्या गळ्यात घालावी. आमच्याकडे जिच्याकडे ती पहिल्यांदा दिली, ती पोषण आहाराच्या सुटीत खिचडी अर्धी टाकून कपाट उघडायला पळत असे, म्हणून आता किल्ली जेवण झाल्यावरच गळ्यात घालायची असा नियम केला आहे.