आ-हाच्या फुटण्यावर भांडायचं असेल तर

आ-हा म्हणजे नॉर्वेचा तिघांचा सिंथपॉप बँड, सिंथ म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर उभं पॉप संगीत, आणि हा बँड दोनदा फुटला. तेव्हा सगळ्यात आधी, कोणत्या फुटण्याबद्दल भांडताय ते ठरवून घ्या. ओस्लोत माझ्या घरी हा वाद अधूनमधून रंगतो आणि बिघडतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. एक जण १९९४ मनात धरून बोलत असतो, दुसरी २०१० बद्दल, आणि कोपऱ्यात बसलेल्या माझ्या भाच्याला हे लोक कधी फुटले होते हेच माहीत नसतं. मग आवाज चढतात, मुद्दा मात्र जागच्या जागी.

म्हणून भिंतीवर एक लांब कागद चिकटवा. भेटवस्तू गुंडाळायच्या कागदाची मागची पांढरी बाजू चालते. त्यावर जाड पेनाने लिहा: १९८२, बँड जमला. १९८५, पहिला अल्बम, आणि ऑक्टोबरात ‘टेक ऑन मी’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. १९९३, ‘मेमोरियल बीच’ हा पाचवा अल्बम. १९९८, ओस्लोतल्या नोबेल शांतता पुरस्काराच्या मैफलीत पुन्हा एकत्र. २०००, नवा अल्बम. १५ ऑक्टोबर २००९, बँड संपवतोय अशी घोषणा. ४ डिसेंबर २०१०, ओस्लो स्पेक्ट्रम या सभागृहात शेवटचा कार्यक्रम. ऑगस्ट २०११, एक गाणं. २०१५, परत. २०१७, जूनमध्ये गिस्के बेटावर सिंथशिवाय ध्वनिमुद्रण. २०२२, ‘ट्रू नॉर्थ’.

कागद लागला की अर्धी भांडणं आपोआप मिटतात, कारण दोन फुटणी किती वेगळी होती ते डोळ्यांना दिसतं. पहिलं मुळी जाहीरच झालं नव्हतं. १९९४ नंतर तिघं एकमेकांपासून लांब गेले, पत्रकार परिषद नाही की निरोप नाही. दुसरं मात्र ठरवून, तारीख लावून, निरोपाच्या दौऱ्याची तिकिटं विकून. पहिल्या वेळी चाहते वाट बघत राहिले; दुसऱ्या वेळी त्यांनी हिशोब मिटवला आणि पाच वर्षांनी कळलं की तो मिटलाच नव्हता. रागाची जात दोन्हीकडे वेगळी आहे. एका पोत्यात भरू नका.

माणसं किती बोलवायची? टेबलाभोवती मावतील तेवढीच. माझ्याकडे इमारतीतले एक निवृत्त संगीतशिक्षक येतात, साओ पावलोची एक मैत्रीण येते, आणि एम.एस.साठी इकडे आलेला ठाण्याचा भाचा असतो. नवरा चहा करतो आणि मध्येच एखादं वाक्य टाकून पळून जातो. असा एक माणूस हवाच. आणि वेगवेगळ्या देशांतली मंडळी मिळाली तर सोडू नका, कारण या बँडचं मोठेपण देशागणिक बदलतं. अमेरिकेतल्या माणसाला एकच गाणं आठवतं. ब्रिटनमध्ये ‘टेक ऑन मी’ दुसऱ्या क्रमांकावर अडकलं होतं, तिथे पहिला क्रमांक मिळाला तो जानेवारी १९८६ मध्ये ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टी.व्ही.’ला. आणि ब्राझीलची माझी मैत्रीण ‘एका गाण्याचा बँड’ हे शब्द ऐकले की मानच फिरवते. जानेवारी १९९१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये यांना ऐकायला १ लाख ९८ हजार लोकांनी तिकिटं काढली होती. गिनेसमध्ये नोंद आहे. ‘एका गाण्याला एवढी माणसं?’ असं ती विचारते आणि पुढची पाच मिनिटं कुणी काही बोलत नाही.

आता मुख्य नियम. येताना प्रत्येकाने मत आणायचं नाही, गाणं आणायचं. आणि ते कोणतंही नाही, तर उंबरा ओलांडलेलं: बँड बंद असताना किंवा बँडबाहेर जन्मलेलं आणि नंतर बँडमध्ये आलेलं. माझं म्हणणं असं आहे की फुटण्याने काय गेलं आणि काय मिळालं हे मोजायला याहून चांगलं माप नाही. मुलाखतींतून तिघांचे स्वभाव कळतात. हिशोब गाण्यांतच सापडतो.

दोन जोड्या तर हाताशीच आहेत. पहिली ‘व्हेल्व्हेट’. गिटार वाजवणारा पोल वॉक्टार-सॅवॉय, म्हणजे बहुतेक गाण्यांचा कर्ता, याने नव्वदच्या दशकात बायको लॉरेन हिच्याबरोबर ‘सॅवॉय’ नावाचा बँड काढला. हे गाणं तिथलं, १९९६ चं. चार वर्षांनी तेच आ-हाच्या ‘मायनर अर्थ मेजर स्काय’वर आलं, या वेळी बँडचा गायक मॉर्टन हार्केट याच्या गळ्यातून. आधी सॅवॉयचं लावा, मग लगेच आ-हाचं, मध्ये बोलू देऊ नका. पोल गातो तेव्हा तो शेजारच्या खुर्चीवरून काहीतरी सांगतोय असं वाटतं. मॉर्टन गातो तेव्हा खोलीला छत उरत नाही. आमच्या शिक्षकांना पहिलं जास्त खरं वाटतं. मला दुसरंच हवं. पण तो वाद खरा वाद असतो, कारण दोघांच्या कानात एकच गाणं असतं.

दुसरी जोडी याहून बोचरी. कीबोर्डवाला मॅग्ने फुरुहोल्मेन याच्या २००८ च्या एकट्याच्या अल्बमवर ‘द लाँगेस्ट नाइट’ आहे, शांत, स्वतःशीच म्हटल्यासारखं. त्याच्याच पायावर पुढच्या वर्षी बँडचं ‘फुट ऑफ द माउंटन’ उभं राहिलं आणि अल्बमचं नावही तेच झालं. त्या अल्बमवर यांनी पुन्हा सिंथचा जुना आवाज जवळ केला, ब्रिटनच्या पहिल्या दहात पोचले, आणि काही महिन्यांत जाहीर केलं की आम्ही थांबतोय. इथे मंडळींना विचारा: हे गाणं ऐकून संपत आलेला बँड वाटतो का? माझ्या घरी आजवर ‘हो’ असं ठाम उत्तर आलेलं नाही. भाचा मात्र म्हणाला, ‘मावशी, एकाचं गाणं तिघांचं करायला लागलं म्हणजे घरात काहीतरी शिजतच असणार.’ पोरगा अधूनमधून बरोबर बोलतो.

त्याच्या बोलण्यावरून पुढचं काम निघतं: अल्बमची वेष्टनं काढा आणि श्रेयाच्या ओळी वाचा. चाहते इथे सरसकट आळशी असतात. ‘टेक ऑन मी’वर तिघांचीही नावं आहेत. ‘हंटिंग हाय अँड लो’वर एकट्या पोलचं. ‘द सन ऑलवेज शाइन्स’वरही त्याचंच. ‘मॅनहॅटन स्कायलाइन’ पोल आणि मॅग्नेचं. १९८७ चं बाँडपटाचं गाणं पोल आणि जॉन बॅरी यांचं. ‘क्राइंग इन द रेन’ तर यांचं नाहीच, ते एव्हर्ली ब्रदर्सनी आधी गायलेलं. ‘टेक ऑन मी’ची जगाला पाठ असलेली ती सुरुवातीची सिंथची धून मॅग्नेची, आणि ती आ-हा जन्मण्याच्या आधीपासूनची आहे. पोल आणि मॅग्ने दोघं ओस्लोच्या मांग्लेरूड भागातली पोरं, त्यांचा ‘ब्रिजेस’ नावाचा बँड होता, त्या काळातली. मग ज्याची धून त्याचं गाणं, की ज्याने बांधलं त्याचं? तिघांमधला हा जुना सल आहे आणि त्यांच्यावरच्या २०२१ च्या माहितीपटात तो लपवलेला नाही. तो माहितीपट वादाच्या आधी बघू नका. बघितलात तर सगळे जण तिघांपैकी एकाचे वकील होऊन येतात.

मॉर्टनच्या नावावर गाणी कमी म्हणून त्याला नुसता चेहरा ठरवणारा एक जण प्रत्येक बैठकीत निघतो. त्याला २००० चं ‘समर मूव्हड ऑन’ लावून द्या. त्यात एक सूर तो वीस सेकंदांहून जास्त धरून ठेवतो. घड्याळ समोर ठेवा आणि त्या माणसालाही श्वास धरायला सांगा. बाकी काही बोलायची गरज पडत नाही.

परत येण्याबद्दलचा वाद सगळ्यात जास्त तापतो, तेव्हा तो शेवटी नको, मध्यावर घ्या. एक पक्ष म्हणतो, निरोप म्हणून तिकीट घेतलं, रडलो, घरी गेलो. मग २०१५ मध्ये रिओच्या मंचावर हे पुन्हा उभे कसे? दुसरा म्हणतो, माणसं आहेत, मन बदललं. इथे शेजारची उदाहरणं कामाला येतात, पण दोनच घ्या, नाहीतर रात्र जाते. सॉफ्ट सेल या ब्रिटिश सिंथपॉप जोडीने सप्टेंबर २०१८ मध्ये लंडनच्या ओटू सभागृहात शेवटचा म्हणून कार्यक्रम केला आणि २०२२ मध्ये नवा अल्बम आणला. म्हणजे आ-हा काही एकटे नाहीत. ह्यूमन लीग या दुसऱ्या ब्रिटिश सिंथपॉप बँडचं उलट: १९८० मध्ये दोघं बाहेर पडले, त्यांनी हेवन सेव्हन्टीन काढला, आणि उरलेल्यांनी पुढच्याच वर्षी ‘डेअर’ हा अल्बम दिला. तिथे फुटल्यामुळे एकाचे दोन बँड झाले. आ-हाच्या फुटण्यातून दुसरा आ-हा निघाला नाही. तिघांची एकेकट्याची कामं चांगली आहेत, काही फार चांगली आहेत, पण तिघांपैकी कुणालाही बाकीच्या दोघांची जागा भरता आली नाही. माझं मत सांगायचं तर २०१० चं फुटणं खोटं नव्हतं, अपुरं होतं. आणि ‘कास्ट इन स्टील’ हा परतल्यावरचा अल्बम मला फिकाच वाटतो. तिकडे माझ्याशी कुणी भांडू नये.

परतण्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा गिस्केचा. २०१७ मध्ये त्या बेटावर सिंथ बाजूला ठेवून यांनी जुनी गाणी वाजवली, तेव्हा ‘टेक ऑन मी’ इतकं संथ झालं की शब्द प्रथमच नीट कानावर पडले. भाच्याची या बँडशी ओळख तिथूनच झाली, कारण ‘डेडपूल २’ या चित्रपटात तेच वापरलंय. २०१० नंतर तिघं खरोखर थांबले असते तर हे झालं नसतं. विरुद्ध पक्षाला याचं उत्तर द्यायला भाग पाडा. ‘सिंथ काढल्यावर सिंथपॉप कसलं?’ हे शिक्षकांचं उत्तर होतं, आणि ते मला वाटलं त्यापेक्षा बरं निघालं.

कागदावरच्या एका नोंदीवर मात्र वाद लावू नका: ऑगस्ट २०११. त्या वर्षी नॉर्वेत बावीस जुलैच्या दहशतवादी हल्ल्यांत ७७ माणसं गेली, त्यांच्या राष्ट्रीय स्मृतिसभेत हे तिघं ‘स्टे ऑन दीज रोड्स’ गायले. ओस्लो स्पेक्ट्रममध्येच, म्हणजे जिथे आठ महिन्यांपूर्वी बँड संपला होता तिथे. ‘मग हे पुनरागमन धरायचं का?’ असं बाहेरचा कुणी सहज विचारतो. या देशातल्या माणसांसमोर विचारू नका. पुनरागमन करायला ते आले नव्हते. तसंच मॉर्टनच्या आजाराचं. जून २०२५ मध्ये त्याने पार्किन्सन्स असल्याचं जाहीर केलं. आता पुढे गातील का, हा प्रश्न कुणाच्याही बाजूचा मुद्दा म्हणून वापरायचा नाही. ज्याने वापरला त्याने भांडी घासायची.

शेवटी हात वर करून मत घेऊ नका. त्याऐवजी प्रत्येकाने कागदावर एका वर्षाभोवती गोल करायचा: माझ्यापुरता बँड इथे संपला, किंवा संपलाच नाही. आमच्या कागदावर मैत्रिणीचा गोल २०१० भोवती आहे, शिक्षकांचा १९९३ भोवती, आणि भाच्याने पेन २०२२ च्या पलीकडे नेऊन कागदाच्या काठावरून भिंतीवर रेघ मारली. भाड्याचं घर आहे. जाड पेन पाण्याने निघणारं घ्या.

आणि वादानंतर कुणीतरी ‘टेक ऑन मी’चा वरचा सूर लावायला उठतंच. ते रात्री अकराच्या आत उरकून घ्या. आमच्या इमारतीत अकरानंतर शांतता पाळायचा नियम आहे. ज्याला धीर नाही त्याच्यासाठी गिस्केची चाल आहे, खालच्या पट्टीतली. माझा नवरा तीच गातो, तीही स्वयंपाकघराचं दार लावून.