डिफेन्समन कोच झाला की आधी गॅप शिकवा

नागपुरात बर्फ नाही, म्हणून इथली हॉकी सिमेंटच्या रिंकवर, चाकांवर, म्हणजे इनलाइन हॉकी. आइस हॉकीत गोलकीपरसोबत पाच जण खेळतात, इनलाइनमध्ये चार, आणि अंगावर धडकून अडवायची मुभा नाही. डिफेन्समनच्या, म्हणजे बचाव करणाऱ्या खेळाडूच्या, हाती उरतात पाय, स्टिक आणि समोरून येणाऱ्यापासूनचं अंतर. या अंतरालाच गॅप म्हणतात. जुन्या डिफेन्समनच्या पायांना ते पाठ असतं, पण तोंडाने सांगता येत नाही. म्हणून मुलांना मापातच सांगा.

रिंकच्या मध्यावर समोरच्यापासून दोन स्टिक, म्हणजे साधारण 3 मीटर. आपल्या गोलजवळ येईपर्यंत एक स्टिक. इनलाइनमध्ये आइस हॉकीसारख्या रिंकचे भाग पाडणाऱ्या निळ्या रेषा नसतात, तेव्हा कुठे अंतर मिटवायचं ती रेघ ओल्या खडूने आखा. कबड्डीच्या मैदानासारखी फक्की टाकू नका. भुकटी चाकाखाली आली की स्केट सरकतो. सरावाआधी खराट्याने एकदा झाडून घ्या, खडे राहिले की पोरं तोंडावर आपटतात.

आता ड्रिल. फॉरवर्ड, म्हणजे हल्ला करणारा, पक (चपटी चकती) घेऊन त्याच्या गोलरेषेवरून निघेल, डिफेन्समन समोर 6 मीटरवर. आधी डिफेन्समनने दोन पावलं पुढे जायचं, मग मागे स्केटिंग. उभ्या जागेवरून थेट मागे निघाला तर वेग येत नाही आणि फॉरवर्ड बाजूने सुटतो. स्टिक वरच्या एका हातात, पातं जमिनीवर, हात अंगापासून थोडा लांब. नजर पकवर नको, फॉरवर्डच्या छातीवर. पक फसवतो, छाती फसवत नाही. आपण गोलच्या बाजूला राहायचं आणि त्याला बोर्डकडे, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीकडे, रेटत न्यायचं, अंगाला न लागता. 15 ते 20 सेकंदांची एक खेप, मग मिनिटभर विश्रांती. दमल्यावर पाय जड होतात आणि चुकीची सवय लागते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे घाईने स्टिक मारणं. मुलगा पुढे झुकतो, वजन पुढच्या चाकांवर जातं, आणि फॉरवर्ड निघून जातो. दुसरी चूक, लवकर वळणं: कंबर उघडली की मधली वाट मोकळी. फॉरवर्डचे खांदे आपल्या खांद्यांच्या बरोबरीला येईपर्यंत मागेच स्केट करायचं.

तुम्ही उभे कुठे राहता, हेही बघा. डिफेन्समन कोच झाला की नकळत मागच्या दोघा डिफेन्समनकडेच पाहत राहतो. एक खेप गोलमागून बघा, पुढची समोरच्या टोकाहून, फॉरवर्डला काय दिसतं ते पाहायला. आणि स्वतः करून दाखवणं दोनदाच पुरे, नाहीतर मुलं तुमची नक्कल करतात, अंतर शिकत नाहीत.

थेट हेड कोच व्हायची घाईही नको. मॉन्ट्रियलचा जुना डिफेन्समन लॅरी रॉबिन्सन 2000 साली उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या (एनएचएल) न्यू जर्सी डेव्हिल्स संघाचा असिस्टंट कोच होता. लीगचे 8 सामने उरले असताना संघ त्याच्या हाती आला आणि त्याच मोसमात लीगचा विजेतेपदाचा चषक, स्टॅन्ली कपही. पण त्याआधी लॉस एंजेलिसमध्ये चार मोसम हेड कोच म्हणून झालेले होते.

राहिली चाकं. सिमेंटवर 82 ते 85 ए कडकपणाची घ्या. हॉलमधली 76 ए वाली मऊ चाकं इथे लवकर झिजतात. आतली कड झिजली की बाजू आलटून पालटून लावा. मे महिन्यात सराव सकाळी साडेपाचला सुरू, सातला बंद.