नाट्यगृहाच्या दिव्यासाठी अर्ज कसा करावा

मी ३१ वर्षं एका महानगरपालिकेच्या लेखा विभागात होते. शहराचं नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते. दर दोन-तीन महिन्यांनी नाटकवाली पोरं अर्ज घेऊन यायची. विषय ठरलेला : ‘सांस्कृतिक कार्यास सहकार्य मिळणेबाबत’. असा अर्ज कुणाच्याच टेबलावर टिकत नाही. मालमत्तावाले म्हणणार सांस्कृतिक विभागाकडे द्या, तिथले म्हणणार आधी साहेबांची सही आणा. चौथ्या खेपेनंतर पोरं दिसायची बंद. आता मी टेबलाच्या अलीकडे आलेय, म्हणून पलीकडचं सांगते.

आधी कायदा, थोडक्यात. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली. तिच्यात शहरांच्या कारभाराचे १८ विषय आहेत. त्यातला तेरावा सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचा. अर्जात त्याचा एका ओळीत उल्लेख करा, भाषण नको. आपल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात मात्र गोम आहे. कलम ६३ मध्ये पालिकेनं केलीच पाहिजेत अशी कामं आहेत आणि कलम ६६ मध्ये मर्जीची. संग्रहालयं, कलादालनं मर्जीत येतात. चौकात, बागेत संगीत वाजवण्याची सोयसुद्धा त्यातच आहे. ते वाचून आम्ही डबा खाताना हसायचो. तेव्हा हक्क म्हणून भांडत बसू नका. मर्जी वळवायची आहे, आणि ती अंदाजपत्रकात उमटली तरच खरी.

अंदाजपत्रकाचं गणित वेळेचं असतं. खाती आपापल्या मागण्या दिवाळीच्या आगेमागे लेखा विभागाकडे पाठवतात. मग आयुक्त, स्थायी समिती, सर्वसाधारण सभा असा प्रवास होतो आणि मार्चअखेर सगळं मिटतं. तुमचा अर्ज संबंधित खात्याकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोचला पाहिजे. एप्रिलनंतर आलात तर दुसऱ्या कुणाच्या तरतुदीतून वर्गीकरण करून, म्हणजे इकडचे तिकडे वळवून, पैसे काढावे लागतात, आणि आपल्या शीर्षातले, म्हणजे खर्चाच्या आपल्या सदरातले, पैसे कुणी हसत सोडत नाही.

आता मुख्य मुद्दा, काय मागायचं. आमच्या नाट्यगृहाला एका वर्षी नवा एसी आला, खुर्च्या आल्या. त्याच वर्षी रंगमंचावरचे चार स्पॉट उडाले, तर ते बदलायला पैसे नव्हते. एसी हा भांडवली खर्च, म्हणजे एकदाच होणारा मोठा; दिवा महसुली, म्हणजे रोजच्या देखभालीतला. भांडवली कामाला कोनशिला लागते, नारळ फुटतो, फोटो येतो. दिवा बदलल्याचा नारळ कोण फोडणार? त्या मोसमात एका बालनाट्याच्या प्रयोगाला पोरांच्या आयांनी घरून हॅलोजन आणले. फाइल माझ्याच टेबलावर होती, आणि मी शेरा लिहिला होता, ‘तरतूद उपलब्ध नाही’. खोटं काही नव्हतं त्यात. अजून टोचतं.

म्हणून नवं नाट्यगृह मागू नका. आहे त्याच्या देखभालीच्या शीर्षात ‘रंगमंच प्रकाश व ध्वनी साहित्य’ अशी वेगळी बाब दर वर्षासाठी मागा. सोबत यादी द्या : कोणता दिवा, किती नग, काय भाव. तीन दुकानांची कोटेशनं जोडा. आकडा असलेला कागद आमच्या तक्त्यात आपोआप जाऊन बसतो. वायरिंगची आणि अग्निशमन यंत्रणेची वार्षिक तपासणीही त्यातच मागा. शाहू महाराजांनी बांधलेलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, तेव्हा आपल्या गावातल्या विंगेतल्या वायरी आठवून माझ्या पोटात गोळा आला होता.

दुसरी मागणी भाड्याची. तिला पालिकेच्या खिशातून रोख काढावी लागत नाही, म्हणून ती लवकर पटते. नाट्यगृहाचे दर सभेच्या ठरावानं ठरतात. आधी चालू दरपत्रक आणि मागच्या वर्षीचं तारखांचं रजिस्टर माहिती अधिकारात मागवा. सकाळची सत्रं किती दिवस रिकामी गेली ते मोजा. मग ठरावाचा मसुदा तुम्हीच लिहून न्या : ‘बालनाट्य व प्रायोगिक नाटकांस रिकाम्या सकाळच्या सत्रात निम्म्या दराने नाट्यगृह देण्यात यावे.’ तयार मसुदा दिला की नगरसेवकाचं काम सहीपुरतं उरतं.

पुण्यात राहत असाल तर आणखी एक वाट आहे. तिथं २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवतात. एका कामाला ५ लाखांपर्यंतची मर्यादा राहिली आहे. अर्जावर ‘खुला रंगमंच’ लिहिलंत की नकाशे आणि परवानग्या सुरू होतील. ‘बागेत बसण्यासाठी ओटा, वर दिवा, जवळ विजेचा पॉइंट’ असं लिहा. ओट्यावर उभं राहून दोन पात्रांनी बोललं तर माळीबुवाही थांबून ऐकतात. स्पीकर लावणार असाल तर पोलिसांची परवानगी घ्या आणि रात्री १० ला आवरा.

तुमची संस्था मोठी आणि दमदार असेल तर भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघून या. १८७२ मध्ये उघडलेली ती वास्तू पार थकली होती. २००३ मध्ये मुंबई महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला, आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा लोकांसाठी खुलं झालं. असे करार होतात. पण चार पोरांच्या ग्रुपनं त्या वाटेला जाऊ नये.

अर्ज दोन प्रतींत न्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पंधरा दिवसांनी जाऊन ‘आमच्या अर्जाचं काय झालं’ असं विचारू नका, ‘आवक क्रमांक अमुक, कुणाच्या टेबलावर आहे?’ असं विचारा. दुपारी साडेतीननंतर जा, तेव्हा चहा झालेला असतो. मार्चमध्ये तर अजिबात फिरकू नका. त्या महिन्यात आम्ही घरच्यांशीही धड बोलत नाही.