कॅनडात रेफ्युजी अपील फेटाळलं, आता फेडरल कोर्टात जाताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोर्टात जाऊन आपली सगळी हकीकत परत पहिल्यापासून सांगत बसणं. फेडरल कोर्टात होतो तो ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या निकालाची तपासणी, ते अजून एक अपील नाहीये. तुम्हाला जिवाची भीती आहे की नाही हे जज ठरवत नाहीत, रेफ्युजी अपील डिव्हिजनच्या (जिने तुमचं अपील फेटाळलं तिच्या) निकालाची कारणं तर्काला धरून आहेत का आणि तुमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं का, मुख्यतः एवढंच बघतात. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाच्या 2019 च्या वाविलोव्ह निकालापासून हीच कसोटी लावली जाते. त्यामुळे अन्याय झाला म्हणून पानंच्या पानं भरून काही होत नाही, निकालाचा एकेक परिच्छेद रेकॉर्डशी (केसच्या फाइलमधल्या कागदांशी) ताडून बघा. समजा मेंबरने (अपीलचा निकाल देणाऱ्याने) लिहिलंय की पोलिसांकडे गेल्याचा काहीच पुरावा नाही, पण तक्रारीची कॉपी फाइलमध्ये आहे आणि निकालात तिचा साधा उल्लेखही नाही, तर तोच मुद्दा पान नंबर टाकून सगळ्यात वर घ्या. कॉपी वाचून तिला कमी वजन दिलं एवढीच तक्रार असेल तर जज सहसा हात घालत नाहीत.

अपीलनंतर मिळालेले नवीन कागदही कोर्ट सहसा बघत नाही.

तारखेचं मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. निकाल कळल्यापासून 15 दिवसांत अर्ज गेला पाहिजे. उशीर झाला तर मुदतवाढ मागता येते, पण मग डिपोर्टेशनला आपोआप मिळणारी स्थगिती मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते, आणि हे कित्येकांना एअरपोर्टची तारीख हातात पडल्यावर कळतं! वेळेत अर्ज केला तरी ही स्थगिती सगळ्यांनाच मिळते असंही नाही, वकिलाला आधीच विचारा.

अजून एक, चांगले मुद्दे सुनावणीसाठी राखून ठेवू नका. आधी कोर्टाची परवानगी लागते, ती कागद वाचूनच देतात किंवा नाकारतात, आणि नाकारली तर त्यावर अपील नाही.

आधीच्या वकिलाने केस बिघडवली असं म्हणायचं असेल तर त्याला तसं कळवून उत्तराची संधी द्यावी लागते, नाहीतर तो मुद्दा टिकणं अवघड.

आणि केस जिंकली म्हणजे रेफ्युजी स्टेटस मिळालं असं समजून वकील सोडू नका. प्रकरण बहुतेक वेळा दुसऱ्या मेंबरकडे परत जातं, तिथे नव्याने निर्णय होतो, त्यामुळे पत्ता बदलला तर इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाला (अपील डिव्हिजन याचाच भाग) लगेच कळवा.