तुवालूच्या नऊ बेटांवर विकासाच्या प्राधान्यक्रमाचे सर्वेक्षण कसे करावे

प्रशांत महासागरातील तुवालू या देशाची लोकसंख्या साधारण अकरा हजार आहे आणि साऱ्या बेटांची मिळून जमीन अवघी २६ चौरस किलोमीटर भरते. त्यामुळे तेथील लोकांना काय हवे आहे, हे विचारून घेणे चार दिवसांत उरकण्यासारखे काम वाटते. मोठ्या देशात सर्वेक्षण करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो किती लोकांना विचारायचे हा. तुवालूत मात्र कोणाच्या देखत विचारायचे आणि विचारण्याच्या दिवशी बेटावर कोण नसेल, हे दोन प्रश्न त्याहून महत्त्वाचे ठरतात. पुढची सगळी आखणी या दोन प्रश्नांभोवतीच करावी.

प्रश्नावलीला हात घालण्यापूर्वी आधी काय विचारून झाले आहे ते वाचून काढावे. २००४ मध्ये शाश्वत विकासावर राष्ट्रीय परिषद झाली आणि तिच्यातून २००५ ते २०१५ या काळाची ‘ते काकेएगा २’ ही योजना आकाराला आली. २०१६ ते २०२० साठी ‘ते काकेएगा ३’ होती, आणि २०२१ ते २०३० साठी ‘ते केते’ आहे. केते म्हणजे नारळाच्या झावळ्यांची विणलेली टोपली. याशिवाय २०१७ ची लघुजनगणना आणि त्यानंतरचे स्त्रिया व मुलांविषयीचे बहुनिर्देशक सर्वेक्षण हाताशी आहे. एवढ्याशा देशात दरवर्षी कोणते ना कोणते पथक प्रश्नावली घेऊन उतरते आणि तेच ते लोक तीच ती उत्तरे देत राहतात. म्हणून आपल्या उत्तरांवरून नेमका कोणता निर्णय होणार आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर सर्वेक्षण पुढे ढकललेले बरे.

यानंतर संबंधित घटकांची यादी करावी. तिच्यात सरकारी खाती, प्रत्येक बेटाचे काऊपुले म्हणजे स्थानिक कार्यकारी मंडळ, एकालेसिया केलिसियानो तुवालू हे देशातील प्रमुख चर्च, स्त्रियांच्या आणि तरुणांच्या संघटना, अपंग व्यक्तींची संघटना, मच्छीमार, दुकानदार आणि खलाशी हे सगळे येतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, तैवान, आशियाई विकास बँक, जागतिक बँक यांसारखे मदत देणारे देश व संस्थाही येतात. त्यांची मते जरूर घ्यावीत, पण ती वेगळ्या तक्त्यात ठेवावीत. देणाऱ्याचे प्राधान्य आणि घेणाऱ्याचे प्राधान्य एकाच सरासरीत मिसळले, की दोन्ही हरवतात. आणखी एक गुंता असा की, येथे एकच माणूस खात्याचा अधिकारी, चर्चमधील डीकन आणि राजधानी फुनाफुतीत असलेल्या आपल्या बेटाच्या मंडळाचा पदाधिकारी असू शकतो. अशा व्यक्तीला मुलाखतीच्या सुरुवातीलाच, ती आज कोणत्या नात्याने बोलत आहे ते विचारून नोंदवावे, आणि शक्यतो तिचे मत एकदाच मोजावे.

बेटावर काम सुरू करण्याचा रस्ता फालेकाऊपुलेतून जातो. ही प्रत्येक बेटाची पारंपरिक सभा असून १९९७ च्या फालेकाऊपुले कायद्याने तिला स्थानिक कारभारात अधिकृत स्थान दिले आहे. काऊपुलेला आधी पत्र पाठवावे, मग सभेपुढे जाऊन हेतू सांगावा, आणि सभेची चर्चा मन लावून ऐकावी. मात्र ती चर्चा म्हणजे सर्वेक्षण असे समजू नये. सभेत बोलण्याचा मान परंपरेने वयस्क कुटुंबप्रमुखांकडे असतो. तरुण आणि बऱ्याचदा स्त्रियाही गप्प राहतात, आणि त्यांचे गप्प राहणे म्हणजे संमती असे गृहीत धरले जाते. म्हणून सभेचे म्हणणे ‘बेटाची सामूहिक भूमिका’ म्हणून स्वतंत्र नोंदवावे आणि घरोघरी घेतलेली व्यक्तिगत मते वेगळी ठेवावीत. या दोहोंची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. सभेने समुद्रकिनाऱ्यावरील बंधाऱ्याला पहिला क्रमांक दिला आणि घरातील स्त्रियांनी पाण्याच्या टाक्यांना, तर ही तफावत हाच अहवालातील सर्वात मोलाचा निष्कर्ष असतो.

नमुन्याचे गणित

येथे पुस्तकी सूत्र थोडे वेगळे वागते. ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्क्यांची चूक धरली, म्हणजे शंभरांपैकी ९५ वेळा आपला आकडा खऱ्या आकड्याच्या पाच टक्क्यांच्या आत यावा असे ठरवले, तर मोठ्या लोकसंख्येसाठी साधारण ३८४ उत्तरे लागतात. पण लोकसंख्याच लहान असेल, तर या आकड्याला मर्यादित लोकसंख्येची दुरुस्ती लावावी लागते. एखाद्या ठिकाणी ३,५०० प्रौढ असतील, तर सुमारे ३४६ उत्तरे पुरतात. ३०० प्रौढ असतील, तर १६९. आणि फक्त २५ असतील, तर २४. म्हणजे सर्वात छोट्या वस्तीत नमुना काढण्यात अर्थच नाही, सरळ सगळ्यांना विचारावे.

याचा उलटा अर्थही ध्यानात घ्यावा. साऱ्या देशासाठी मिळून ३७० उत्तरे घ्यायची आणि ती लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायची ठरवली, तर निम्म्याहून अधिक एकट्या फुनाफुतीतून येतील आणि एखाद्या बाहेरच्या बेटाच्या वाट्याला वीससुद्धा येणार नाहीत. त्यावरून त्या बेटाविषयी काही बोलणे धाडसाचे ठरेल. म्हणून प्रत्येक बेट हा स्वतंत्र स्तर धरावा, लहान बेटांवर मुद्दाम जास्त मुलाखती घ्याव्यात आणि राष्ट्रीय आकडा काढताना प्रत्येक बेटाच्या उत्तरांना त्याच्या लोकसंख्येइतकाच भार देऊन प्रमाण पूर्ववत करावे. तुवालू या नावाचा अर्थ ‘एकत्र उभे असलेले आठ’ असा होतो. नववे बेट नियुलाकिता येथे विसाव्या शतकाच्या मध्यास नियुताओ बेटाचे लोक जाऊन राहिले आणि आज तेथे मोजकीच घरे आहेत. नावातले आठ धरून आखणी केली, तर नेमके हेच बेट सुटते.

घरांची यादी केंद्रीय सांख्यिकी विभागाकडून घ्यावी. घरात गेल्यावर जो समोर येईल त्याला न विचारता, प्रौढांपैकी ज्याचा वाढदिवस सर्वात अलीकडे होऊन गेला असेल त्याला विचारावे. नाहीतर सगळी उत्तरे कुटुंबप्रमुखांचीच जमा होतात. फुनाफुतीत ‘आपण कोठे राहता’ आणि ‘आपण कोणत्या बेटाचे’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारणे अत्यावश्यक आहे. राजधानीत राहणाऱ्या पुष्कळ लोकांचे मूळ बेट वेगळे असते, राजधानीतील जमीन त्यांच्या मालकीची नसते, आणि नानुमेआचा माणूस ‘आमच्या बेटाला जहाज हवे’ म्हणतो तेव्हा तो आपल्या रोजच्या गरजेविषयी बोलत आहे की गावाकडच्या आईवडिलांच्या, हे या दोन प्रश्नांवाचून कळत नाही.

जहाजाचे वेळापत्रक हेच सर्वेक्षणाचे वेळापत्रक

विमानतळ फक्त फुनाफुतीला आहे. बाकीच्या बेटांवर जहाजाने जावे लागते आणि बहुतेक ठिकाणी जहाज प्रवाळखडकाबाहेर थांबते. तेथून माणसे आणि सामान लहान होड्यांतून किनाऱ्यावर येते. जहाज काही तास थांबेल तेवढ्यात मुलाखती उरकायच्या असा बेत केला, तर त्या वेळी किनाऱ्यावर आलेली माणसे तेवढी भेटतील, म्हणजे माल उतरवणारे, पाहुण्यांना घ्यायला आलेले आणि काऊपुलेचे कर्मचारी. त्याऐवजी प्रगणक एका फेरीला उतरवावेत आणि पुढच्या फेरीला परत घ्यावेत. मधले दिवस जास्त वाटले, तरी पुलाका या अळूसारख्या कंदाच्या लागवडीच्या खड्ड्यांवर काम करणाऱ्या स्त्रिया आणि रात्री मासेमारीला जाणारे पुरुष त्याच दिवसांत भेटतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ शक्यतो टाळावा. रविवारी काम ठेवू नये. फोनवर इंटरनेटशिवाय चालणारी नोंदप्रणाली वापरावी, सौर चार्जर न्यावा, आणि तरीही प्रश्नावलीच्या कागदी प्रती पाण्यापासून सुरक्षित पिशवीत बरोबर असू द्याव्यात.

जे बेटावर नाहीत त्यांचे काय, हा भाग बहुतेक अहवालांत दोन ओळींत आटोपतो, आणि ते चूक आहे. हंगामी कामासाठी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडला गेलेले मजूर, जहाजांवरचे खलाशी आणि न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेले हजारो तुवालूवासी घरी पैसे पाठवतात, आणि बेटावरची कितीतरी घरे व वर्गण्या त्याच पैशांवर उभ्या राहतात. त्यांना फोनवरून किंवा तेथील चर्चमंडळांच्या मदतीने विचारता येते, मात्र त्यांची उत्तरे रहिवाशांच्या उत्तरांत मिसळू नयेत. शिवाय ऑस्ट्रेलियाशी झालेल्या आणि २०२४ मध्ये अमलात आलेल्या फालेपिली कराराने दरवर्षी २८० जणांना ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याची वाट खुली झाली आहे, आणि या जागांच्या २०२५ मधील पहिल्या सोडतीसाठी देशातील फार मोठ्या हिश्शाने नावे नोंदवली. जाण्याच्या तयारीत असलेला माणूस बंधाऱ्यापेक्षा शाळेला आणि इंग्रजीला जास्त महत्त्व देईल हे उघड आहे. जाण्याचा विचार आहे का, हे म्हणून विचारावेच, पण अगदी शेवटी आणि उत्तर न देण्याची मोकळीक ठेवून.

प्रश्न कसा विचारावा

‘पुढील बाबी आपल्याला किती महत्त्वाच्या वाटतात, एक ते पाच गुण द्या’ हा प्रश्न सर्वात सोपा आणि सर्वात निरुपयोगी. शाळेला पाच, दवाखान्याला पाच, जहाजाला पाच, पाण्यालाही पाच. कोणी सभ्य माणूस दवाखान्याला दोन गुण देणार नाही. त्यापेक्षा चटईवर आठ चित्रपत्ते मांडावेत: जहाजसेवा, पिण्याचे पाणी, किनाऱ्याचे संरक्षण, दवाखाना, शाळा, इंटरनेट, मासळीची साठवण, कचरा. हातात वीस शिंपले द्यावेत आणि ते पत्त्यांवर हवे तसे वाटायला सांगावे. प्रत्येक मुलाखतीपूर्वी पत्ते पिसावेत, कारण पहिल्या पत्त्याला उगाच जास्त शिंपले मिळतात. माणूस आधी सगळीकडे दोन-दोन टाकतो, मग थांबतो, कचऱ्यावरचे उचलतो, पाण्यावर ठेवतो. ही उचलाठेव चालू असताना प्रगणकाने अजिबात बोलू नये. वाटणी संपली की तिची नोंद करावी आणि मग विचारावे, ‘पैसे कमी पडले, तर यातले पाच कोठून काढाल?’ खरा प्राधान्यक्रम बऱ्याचदा या दुसऱ्या प्रश्नात उघडा पडतो.

हिशेब करताना नुसती बेरीज पाहू नये. समजा, २०० जणांच्या उत्तरांत पाण्याला आणि इंटरनेटला प्रत्येकी ६०० शिंपले मिळाले. पण पाण्यावर १८० जणांनी तीन-चार शिंपले ठेवले आहेत आणि इंटरनेटवर ६० जणांनी प्रत्येकी दहा. बेरीज सारखी असली, तरी पहिली जवळपास साऱ्या बेटाची गरज आहे आणि दुसरी एका गटाची निकड. दोन्ही आकडे, म्हणजे एकूण वाटा आणि किमान एक शिंपला ठेवणाऱ्यांची संख्या, शेजारी शेजारी छापावेत.

मुलाखतीच्या आरंभी हवामानबदलाचा उल्लेख करू नये आणि कोणत्याही प्रकल्पाचे बोधचिन्ह असलेला टी-शर्ट घालून जाऊ नये. समुद्राची वाढती पातळी तुवालूच्या लोकांना कोणी शिकवायची गरज नाही. पण बंधाऱ्याचा पैसा घेऊन आलेला माणूस दिसला, की उत्तर आपोआप बंधाऱ्याकडे झुकते. प्रश्नावली तुवालू भाषेत करून घ्यावी आणि दुसऱ्याच व्यक्तीकडून तिचे इंग्रजीत उलट भाषांतर करवून ताडून पाहावी. नुई बेटावर किरिबातीच्या भाषेची एक बोली चालते, तेव्हा तेथे वेगळी प्रत लागते.

गुप्ततेचा प्रश्न येथे सर्वात अवघड आहे. भिंती कमी असलेल्या घरात बोललेले सगळ्यांना ऐकू जाते आणि प्रगणक बहुधा कोणाचा तरी भाचा असतो. शिंपल्यांचा भाग सर्वांदेखत झाला तरी चालेल. परंतु काऊपुलेच्या कामाविषयीचे, चर्चच्या वर्गणीविषयीचे आणि जमिनीविषयीचे प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर विचारून ती चिठ्ठी उत्तर देणाऱ्याने स्वतः बंद पेटीत टाकावी. स्त्रियांच्या मुलाखती स्त्री-प्रगणकांनी घ्याव्यात, आणि एका बेटाच्या प्रगणकाला शक्यतो दुसऱ्या बेटावर पाठवावे. अहवालात ज्या रकान्यात पाचांपेक्षा कमी माणसे येतात, तो रकाना छापू नये. ‘नियुलाकिता, स्त्री, वय साठच्या पुढे’ असे लिहिले की नाव लिहिण्याची गरजच उरत नाही.

आकडे तयार झाल्यावर ते खात्याकडे जाण्याआधी त्या त्या बेटाच्या फालेकाऊपुलेत तुवालू भाषेत वाचून दाखवावेत, आणि त्यासाठी जहाजाच्या आणखी एका फेरीचे ऑस्ट्रेलियन डॉलर अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरून ठेवावेत. सभेने एखाद्या आकड्यावर आक्षेप घेतला, तर आकडा बदलू नये. आक्षेप त्याच पानावर, आकड्याच्या खाली, बोलणाऱ्याचे नाव न घालता जसाच्या तसा लिहावा.