जंगल, नदी आणि माळ एकाच दिवसात : पक्षी बघताना या चुका टाळा

जानेवारीतला रविवार. पहाटे पुण्याजवळ नदीकाठी कवडीपाटला, तिथून भिगवण, परतीच्या वाटेवर सुप्याचा माळ आणि अंधार पडायच्या आत सिंहगडाची दरी, असा बेत आम्ही पहिल्या वर्षी आखला होता. नकाशावर झकास दिसत होता. संध्याकाळी साडेपाचला दरीत उतरलो तेव्हा झाडीत काळोख दाटला होता, आणि स्वागताला एक कोतवाल पक्षी होता. गाडी अडीचशे किलोमीटर फिरली आणि आम्ही बहुतेक वेळ काचेतून उसाचे ट्रॅक्टर मोजले.

चूक अंतराची नव्हती, क्रमाची होती. झाडीतले छोटे पक्षी सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास जोरात असतात, मग गप्प होतात. पाण्यावरची बदकं मात्र दुपारी बारालाही तिथेच असतात, फार तर पंखात चोच खुपसून झोपलेली. माळ भर दुपारी मेल्यासारखा पडतो आणि ऊन कलल्यावर पुन्हा जागा होतो. म्हणून पुण्याहून निघणाऱ्याने पहाटे सिंहगडाची दरी, मधल्या वेळात कवडी आणि चारनंतर सुपे असं जावं. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा सात वाजता दरीत उभं असायला हवं, घरून निघायला नव्हे. आणखी एक फायदा : नऊ-साडेनऊला परत फिरलात तर गडावर पिठलं-भाकरी खायला निघालेली अख्खी गर्दी समोरून येत असते आणि तुमची बाजू मोकळी असते.

यात एक तोटा आहे. माळावरच्या पखुर्ड्या (सँडग्राउझ) पाण्यावर येतात त्या सकाळी, सूर्योदयानंतर तास-दोन तासांनी. नर पोटाची पिसं भिजवून पिलांसाठी पाणी नेतो, ते बघायचं असेल तर माळ सकाळीच गाठावा लागेल आणि दरी सोडावी लागेल. दोन्ही एका दिवसात जमवायचा प्रयत्न आम्ही केला आहे, तुम्ही करू नका.

भिगवण मध्येच कोंबणे

भिगवणला स्वतंत्र दिवस द्या. तिथे होडीतच दोन-तीन तास जातात, आणि जाण्यायेण्याचे चार तास वेगळे. शिवाय ‘रोहित (फ्लेमिंगो) दिसलेच नाहीत’ ही तक्रार दर वर्षी ऐकू येते, ती बहुधा लवकर गेलेल्यांची असते. पावसाळ्यानंतर उजनी धरण भरलेलं असताना चिखलाचे उथळ पट्टे पाण्याखाली असतात. पाणी ओसरू लागलं की रोहितांना चरायला जागा मिळते. म्हणजे फेब्रुवारी-मार्च बरा, ऑक्टोबर नव्हे.

पाण्यावर : सूर्य समोर घेणे

सूर्य समोर असला की केशरी चक्रवाक बदकही काळं आणि मुळात काळा वारकरी पक्षीही काळा. कवडीला महामार्गाच्या बाजूच्या, म्हणजे दक्षिण काठावरून बघा. हिवाळ्यात दुपारी ऊन पाठीशी राहतं. नदीला फेस असतो, वासही असतो, तरी चक्रवाक, शेकाटे आणि दगडांवर बसलेले नदी सुरय पाहून नाक आपोआप विसरतं. दुपारी लांबचा पक्षी दुर्बिणीत थरथरतो, कारण तापलेली हवा हलते. त्यावर महागडी दुर्बीण हा उपाय नाही. जवळचा पक्षी बघा. पहिली दुर्बीण घेणाऱ्यांनी १२ पटीचा मोह टाळावा. हात थरथरतो आणि पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. ८×४२ (आठ पट, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) पुरे.

पाण्याकाठी चरणाऱ्या तुतवारांनी (सँडपायपर) सगळ्यांनाच छळलं आहे. रंगावर जाऊ नका. साधा तुतवार सतत बूड हलवतो आणि त्याच्या पंखापुढे खांद्याशी पांढरी पाचर असते. हिरवा तुतवार उडाला की पंखांची खालची बाजू गडद दिसते, ठिपकेवाल्याची फिकट. एवढ्यानंही उलगडलं नाही तर ‘तुतवार’ लिहून पुढे सरका. मादी बदकांत आधी चोच बघा. फावड्यासारखी असेल तर थापट्या, बाकी वाद घरी जाऊन.

दरीत : आवाज लावणे

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणं ही मला सगळ्यात खटकणारी सवय. पक्षी येतो तो आपल्याला भेटायला नाही; हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला असं समजून भांडायला येतो. त्या वेळी त्याचं चरणं थांबतं. त्यापेक्षा जिथे पाणी साचलं आहे अशा डबक्यापासून लांब वीस मिनिटं गप्प बसा. निळा माशीमार आणि स्वर्गीय नर्तक स्वतःहून अंघोळीला येतात. भडक टी-शर्ट, अत्तर आणि ‘अरे तो बघ!’ हे तिन्ही घरी ठेवा.

माळावर : वाट सोडणे

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे. चिंकारा दिसला की लोक सरळ गवतात घुसतात. चंडोल, माळटिटवी, पखुर्ड्या यांची घरटी जमिनीवरच असतात, पायाखाली येतात आणि कळतही नाही. आत जायची-बाहेर पडायची वेळ आधी विचारून घ्या. सूर्य मावळायला लागला की भोवते (हॅरियर हे शिकारी पक्षी) गवतावर खाली-खाली तरंगत रात्रीची जागा शोधतात. त्यातल्या माद्या ओळखायला मला वर्षं गेली, अजूनही चुकतो. अशा वेळी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर दोन जातींमध्ये तिरकी रेघ असलेला पर्याय निवडावा, अंदाजाने नाव टाकू नये.

यादीबद्दल तेवढंच : तिन्ही ठिकाणांची खिचडी एका यादीत करू नका. दरीची यादी दरीत बंद करा, कवडीची कवडीत. रात्री गाडीत सगळे पेंगत असताना ‘शेकाटे किती होते रे?’ असं विचारलं, की उत्तर येतं ‘खूप’.